शिक्षणाची अट त्यांनी पूर्ण केली होती

३ मार्च १९१३ ला वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी एक प्रचंड मोर्चा निघाला. दुसऱ्या दिवशी वुड्रो विल्सन राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेणार होते, त्यामुळे देशभरातली माणसं आणि पेपरवाले शहरात असणार हे बघूनच तारीख धरलेली. सगळी तयारी ॲलिस पॉल या तरुण कार्यकर्तीच्या हातात होती. मोर्च्याच्या आधी दोनेक आठवडे तिला हॉवर्ड युनिव्हर्सिटीकडून एक पत्र आलं. हॉवर्ड म्हणजे वॉशिंग्टनमधली कृष्णवर्णीयांची नावाजलेली युनिव्हर्सिटी, आणि पत्र लिहिणारी नेली क्वांडर आदल्याच वर्षी तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेली, अल्फा कप्पा अल्फा या कॉलेजमधल्या मुलींच्या संघटनेची प्रमुख. तिने लिहिलं होतं की आमच्या मुलींना मोर्च्यात यायचंय, आम्हाला चांगली जागा द्या, पण वंशावरून भेदभाव होणार असेल तर आम्हाला यायचं नाही.

मला हे पत्र फार महत्त्वाचं वाटतं. कारण अमेरिकेतल्या स्त्री-मताधिकाराच्या गोष्टीत कृष्णवर्णीय बायका आल्याच तर त्या 'आम्हालाही घ्या हो' म्हणत दारात उभ्या असलेल्या दाखवतात, आणि या पत्रात कुठेही विनवणी नाही, अट आहे. तिशीतल्या बाईने देशातल्या सगळ्यात गाजणाऱ्या मोर्च्याच्या आयोजकांना घातलेली अट. माझं म्हणणं असं आहे की या कॉलेजात शिकलेल्या कृष्णवर्णीय बायकांना त्या चळवळीत नुसतं 'सहभागी' म्हणणं चुकीचं आहे, त्या चळवळीच्या मुख्य युक्तिवादातला खोटेपणा त्यांनी उघडा पाडला. आणि १९२० मध्ये बायकांना मत मिळाल्यावर बाकीच्या घरी गेल्या तेव्हा चळवळ पुढे चालवली ती यांनी.

तो युक्तिवाद काय होता ते आधी सांगायला लागेल. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये १५वी घटनादुरुस्ती आली, वंश किंवा रंगावरून मत नाकारता येणार नाही असं तिने ठरवलं, पण त्यात लिंगाचा उल्लेख नव्हता. म्हणजे कृष्णवर्णीय पुरुषांना मत, बायका कुठल्याच नाहीत. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुसान अँथनी या चळवळीच्या दोन गोऱ्या नेत्या त्यावर भयंकर संतापल्या, चळवळ फुटली, आणि मग पुढच्या काही दशकांत गोऱ्या नेत्यांच्या भाषणांत एक मुद्दा परत परत यायला लागला की आम्ही शिकलेल्या बायका मतापासून वंचित आणि अडाणी पुरुष मात्र मत देतायत, हे कसलं राज्य. १८९३ मध्ये त्यांच्या मताधिकाराच्या राष्ट्रीय संघटनेने चक्क ठराव केला, की लिहितावाचता येणाऱ्या गोऱ्या बायकांची संख्या सगळ्या निग्रो मतदारांपेक्षा जास्त आहे, शिकलेल्या अमेरिकन बायका सगळ्या परदेशी मतदारांपेक्षा जास्त आहेत, तेव्हा या बायकांना मत द्या म्हणजे अडाण्यांच्या राज्याचा प्रश्न मिटेल. स्टँटनबाई तर शेवटपर्यंत मतदानाला शिक्षणाची अट हवी म्हणून लिहीत राहिल्या.

आता हा युक्तिवाद प्रामाणिक होता असं एक क्षण धरून चाला. शिक्षण हाच निकष, रंगाशी काही घेणंदेणं नाही. मग शिकलेली कृष्णवर्णीय बाई समोर आली की काय व्हायला पाहिजे? तिला तर पहिल्या रांगेत बसवायला पाहिजे. कारण तिच्याइतकं शिक्षणासाठी झगडलेलं त्या देशात दुसरं कोण होतं.

आणि अशा बायका होत्या, मूठभर असतील पण होत्या. ओहायोमधलं ओबर्लिन कॉलेज हे बायकांना आणि कृष्णवर्णीयांना घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कॉलेजांपैकी, तिथून १८६२ मध्ये मेरी जेन पॅटरसन बीए झाल्या, म्हणजे गुलामगिरी अजून कायद्याने संपायची होती तेव्हा. पुढे १८८४ च्या एकाच बॅचमध्ये मेरी चर्च टेरेल, ॲना ज्युलिया कूपर आणि आयडा गिब्स हंट या तिघी. टेरेलने मुलींसाठी ठेवलेला सोपा कोर्स न घेता मुलांचा चार वर्षांचा ग्रीक-लॅटिनवाला कोर्स पुरा केला. १९०४ मध्ये बर्लिनला जागतिक महिला परिषदेत ती सरळ जर्मनमध्ये बोलली. कूपरचा जन्मच गुलामगिरीतला, आणि साठी ओलांडल्यावर १९२५ मध्ये तिने पॅरिसच्या सोर्बोनमधून डॉक्टरेट घेतली. या बायका पुढे वॉशिंग्टनच्या एम स्ट्रीट हायस्कूलमध्ये शिकवायच्या, पॅटरसन आणि कूपर दोघी तिथे मुख्याध्यापिका होत्या, आणि त्या शाळेतून निघालेली पोरं-पोरी पुढे कॉलेजात जायची. नॅनी हेलन बरोज तिथलीच विद्यार्थिनी, तिने पुढे मुलींसाठी स्वतःची शाळा काढली आणि मताधिकारावर जोरदार लिहिलं. म्हणजे एक बाई शिकली आणि संपलं असं नव्हतं, साखळीच होती.

मग या बायकांना पहिल्या रांगेत बसवलं का? १८९५ मध्ये अटलांटाला अधिवेशन होतं तेव्हा कृष्णवर्णीयांचे मोठे नेते फ्रेडरिक डग्लसना, १८४८ च्या सेनेका फॉल्सच्या सभेत बायकांच्या मताच्या ठरावाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसाला, अँथनीने येऊ नका म्हणून सांगितलं, दक्षिणेतल्या, म्हणजे जिथे गुलामगिरी होती त्या राज्यांतल्या, गोऱ्या बायका नाराज होतील म्हणून. १९०३ च्या न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात कृष्णवर्णीय बायकांना आतच घेतलं नाही, आणि कोणत्या राज्याने कुणाला मेंबर करायचं ते त्या त्या राज्याने ठरवावं असं संघटनेने जाहीर करून टाकलं.

ॲडेला हंट लोगनची गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. अटलांटा युनिव्हर्सिटीतून १८८१ मध्ये शिकून ती अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत शिकवायला गेली, तिथल्या महिला क्लबात मताधिकारावर वर्ग घ्यायची, ठराव, चर्चा, अभ्यास सगळं. ती राष्ट्रीय संघटनेची आजीव सदस्य होती. पण दक्षिणेतल्या अधिवेशनांना ती जायची ती आपली ओळख न सांगता, कारण ती दिसायला गोरी होती आणि लोक तिला गोरीच समजायचे. तिथे बसून ती ऐकायची, नोंदी घ्यायची आणि परत टस्कीगीला येऊन आपल्या बायकांना सांगायची. विचार करा, आपल्याच हक्काच्या सभेत दुसरी कुणीतरी म्हणून बसायचं. १९०५ मध्ये तिने एका लेखात विचारलं होतं की एवढ्या सोयीसवलती असलेल्या गोऱ्या बायकांना जर मताची गरज वाटते, तर ज्यांच्या जिवाची शाश्वती नाही त्या कृष्णवर्णीय बायका-पुरुषांना ती किती जास्त असेल.

इथेच दोन्ही बाजूंच्या मागणीतला फरक कळतो. गोऱ्या नेत्यांच्या बोलण्यात मत म्हणजे बरेचदा आपल्या दर्जाची पावती होती, आम्ही शिकलोय, आम्ही लायक आहोत. लोगन, टेरेल, बरोज यांच्या लिखाणात मत हे बचावाचं साधन आहे. लिंचिंग, म्हणजे जमावाने पकडून ठार मारणं, चालू आहे, शाळांचे पैसे गोऱ्या वस्तीत जातायत, बायकांवर अत्याचार करणाऱ्यांवर खटला चालत नाही, दक्षिणेत आपल्या पुरुषांची मतं कायद्याच्या पळवाटांनी काढून घेतलीयत, आणि या सगळ्यासाठी मत पाहिजे. १९१२ मध्ये 'क्रायसिस' या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या मासिकाने मताधिकारावर खास अंक काढला त्यात लोगनने हेच लिहिलं, शाळा आणि मुलं हा तिचा मोठा मुद्दा होता. ही मागणी एकट्या शिकलेल्या बाईची नव्हतीच, सगळ्या समाजाची होती. शिक्षण त्यांच्याकडे होतं, पण शिक्षणाच्या जोरावर इतरांपेक्षा वर बसायचा परवाना त्या मागत नव्हत्या.

आता परत १९१३ कडे. हॉवर्डमध्ये १३ जानेवारीला २२ मुलींनी डेल्टा सिग्मा थीटा नावाची नवीन संघटना काढली होती. अमेरिकेत कॉलेजातल्या मुलींच्या अशा संघटनांना सोरोरिटी म्हणतात, एकदा मेंबर झालं की आयुष्यभराचं नातं असतं. या मुली आधी अल्फा कप्पा अल्फातच होत्या, पण त्यांना गाठीभेटी आणि समारंभ यांच्या पलीकडे जाऊन समाजाच्या प्रश्नांत उतरायचं होतं. संघटना स्थापन होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि पहिलं जाहीर काम म्हणून त्यांनी निवडला हा मोर्चा. त्या काळी हॉवर्डच्या मुलींना कॅम्पसबाहेर जायचं तर परवानगी लागायची, सोबत पुरुष शिक्षक लागायचा, ते सगळं सोपस्कार करून त्या गेल्या. टेरेल त्यांच्या पाठीशी होतीच.

आयोजकांकडून सूचना निघाली की कृष्णवर्णीय बायकांना वेगळं चालवायचं. त्याच्यापुढे काय झालं याबद्दल जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते ती अशी की सगळ्या कृष्णवर्णीय बायकांना मोर्च्याच्या शेपटीला टाकलं, आणि एकट्या शिकागोच्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी ते मानलं नाही, त्या गर्दीत थांबल्या आणि इलिनॉयची तुकडी आली तशा सरळ आत शिरून दोन गोऱ्या सहकारी बायकांच्या मधोमध चालल्या. वेल्सबाईंची गोष्ट खरी आहे आणि जबरदस्त आहे. पण बाकीच्यांचं काय, तर एप्रिलच्या 'क्रायसिस'मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या संपादनाखाली आलेली माहिती वेगळं सांगते. वेगळं चालवायचा हुकूम निघाला होता पण तारा आणि निषेध एवढे आले की शेवटी कृष्णवर्णीय बायका आपापल्या राज्याच्या आणि व्यवसायाच्या तुकडीतच चालल्या. त्यात यादी पण आहे. हॉवर्डच्या २५ मुली, पदवीदानाच्या टोप्या आणि गाऊन घालून. कॉलेजच्या पदवीधर म्हणून टेरेल आणि आणखी पाच जणी, त्यात जॉर्जियाना सिम्पसन, जी पुढे १९२१ मध्ये शिकागो युनिव्हर्सिटीची डॉक्टरेट मिळवणार होती. दोन डॉक्टर, एक शिल्पकार, एक संगीतकार, एक शिक्षिका, मिशिगनचा झेंडा घेऊन चालणाऱ्या मिसेस मॅकॉय, आणि एक नर्स जिचं नाव त्यांना मिळालं नाही.

मला हे का महत्त्वाचं वाटतं सांगतो. 'सगळ्यांना मागे टाकलं' ही गोष्ट आपण सहानुभूतीने सांगतो, गोऱ्या नेत्यांचा वर्णद्वेष दाखवायचा असतो म्हणून सांगतो, आणि तो वर्णद्वेष होताच. पण तसं सांगताना या बायकांनी जे जिंकलं ते आपणच पुसून टाकतो. त्यांनी पत्रं लिहिली, तारा करवल्या, दबाव आणला आणि त्या आल्या त्या आपल्या शर्तीवर. मागच्या रांगेतल्या बिचाऱ्या म्हणून त्यांची आठवण ठेवणं हा अन्यायच आहे की.

आणि त्या टोप्या आणि गाऊनकडे नीट बघा. तो शृंगार नव्हता. वीस वर्षं तुम्ही म्हणताय की शिकलेल्यांना मत द्या, आम्ही शिकलोय, हे बघा, आता काय म्हणता? पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर त्या दिवशी पाच हजारांहून जास्त बायका चालत होत्या आणि दारू पिऊन आलेले, शिव्या देणारे, अंगावर धावून येणारे पुरुष दोन्ही बाजूंनी रस्ता अडवत होते, पोलीस बघत उभे, शंभरेक जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, शेवटी फोर्ट मायरहून घोडदळ बोलवलं. त्या गर्दीतून विशी-बाविशीतल्या कृष्णवर्णीय मुली चालल्या. गोऱ्या बाईवर हात टाकला तर निदान सिनेटची चौकशी बसते, ती बसलीच पुढे. यांच्यावर कुणी हात टाकला असता तर काय झालं असतं हे त्या काळच्या अमेरिकेत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

घरातही सगळे त्यांच्या बाजूने नव्हते. हॉवर्डचेच डीन केली मिलर, मोठे विद्वान, यांनी १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये 'क्रायसिस'मध्ये लेख लिहून सांगितलं की बायकांच्या मताने समाजाचं काही खरं भलं होईल असं मला दिसत नाही. डु बॉइसने त्याच अंकात त्यांना उत्तर दिलं. पण या मुलींची अवस्था लक्षात घ्या, चळवळीत गोऱ्या बायका म्हणतायत तुमचा रंग आड येतो, आणि आपल्याच कॅम्पसवर मोठे सर म्हणतायत तुमचं बाई असणं आड येतं. दोन्हीकडे नकार, आणि दोन्हीकडे कारण वेगळं.

आता जो बचाव नेहमी दिला जातो त्याच्याकडे येतो, कारण तो ताकदीचा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. बचाव असा की काळच तसा होता, ॲलिस पॉल किंवा राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष कॅरी चॅपमन कॅट वाईट नव्हत्या, त्यांना घटनादुरुस्ती पास करायची होती, त्यासाठी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, दोन तृतीयांश आणि राज्यांत तीन चतुर्थांश लागतात, दक्षिणेला दुखवून ते होणार नव्हतं. १९१९ मध्ये कृष्णवर्णीय बायकांच्या ईशान्येकडच्या क्लबांच्या महासंघाने राष्ट्रीय संघटनेची मेंबरशिप मागितली तेव्हा हेच कारण देऊन त्यांना अर्ज मागे घ्यायला सांगितलं, आत्ता नको, दुरुस्ती पास होऊ द्या.

बरं, मग या तडजोडीतून मिळालं काय? बायकांना मत देणारी १९वी दुरुस्ती मंजूर होताना दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांनी तिला विरोधच केला. ज्या राज्यांना खूश ठेवायला एवढं केलं त्यातल्या व्हर्जिनियाने ती १९५२ मध्ये मान्य केली, अलाबामाने १९५३ मध्ये, जॉर्जिया आणि लुइझियानाने १९७० मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाने १९७१ मध्ये आणि मिसिसिपीने १९८४ मध्ये. टेक्सास आणि आर्कान्सा आले बरोबर, आणि शेवटचं निर्णायक ३६वं राज्य टेनेसी, ते दक्षिणेतलंच, हे मान्यच करायला पाहिजे. पण टेनेसीत काय चाललं होतं? तिथे नॅशविलमध्ये डॉ. मॅटी कोलमन, मेहारी मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेली कृष्णवर्णीय बाई, आणि फ्रँकी पियर्स या दोघी गोऱ्या कार्यकर्त्यांबरोबर मिळून काम करत होत्या. राज्याने १९१९ मध्ये बायकांना पालिकेचं मत दिलं तेव्हा कोलमन आणि पियर्सने आपल्या बायकांची नावं नोंदवली, त्या मोठ्या संख्येने मतदानाला गेल्या, आणि मे १९२० मध्ये पियर्स राज्याच्या विधानभवनात गोऱ्या महिला मतदारांच्या सभेत भाषण करायला उभी राहिली. म्हणजे दक्षिणेतल्या ज्या राज्यावर सगळं अडलं होतं तिथेच एकत्र काम करून दाखवलेलं उदाहरण होतं. एकत्र आल्यामुळेच टेनेसी मिळालं असा दावा मी करणार नाही, तिथे बरीच कारणं होती, पण एकत्र आलं तर सगळं फिसकटेल ही जी भीती घातली जात होती ती तिथे तरी खोटी ठरली.

आणि १९२० नंतर. माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात न सांगितला जाणारा भाग हाच. ऑगस्टमध्ये दुरुस्ती लागू झाली, त्या शरद ऋतूत दक्षिणेत कृष्णवर्णीय बायका नावं नोंदवायला गेल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या त्या अटी: पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायचं तर भरायचा कर, साक्षरतेची परीक्षा, राज्यघटनेच्या कलमांचा अर्थ सांगा. फ्लोरिडात डेटोनाला मेरी मॅक्लिओड बेथून मुलींची शाळा चालवत होत्या, त्यांनी बायकांना मतदानासाठी तयार केलं तर निवडणुकीच्या तोंडावर रात्री कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी टोळीचे बुरखेवाले शाळेच्या आवारात आले. बेथूनबाई हलल्या नाहीत, आणि मतदानाच्या दिवशी त्या लोकांना घेऊन केंद्रावर गेल्या. फेब्रुवारी १९२१ मध्ये ॲलिस पॉलच्या पक्षाचं अधिवेशन होतं, तिथे ॲडी हंटनच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय बायकांचं शिष्टमंडळ गेलं की दक्षिणेत आमच्या बायकांना मत देऊ देत नाहीयत, याच्यावर काही करा. उत्तर मिळालं की हा वंशाचा प्रश्न आहे, बायकांचा नाही. घटनेत बायकांचा हक्क लिहिला गेला, बायकांना तो नाकारला जातोय, आणि तरी तो बायकांचा प्रश्न नाही!

कोरली फ्रँकलिन कुक हॉवर्डमध्ये शिकवायची. अँथनीच्या ८०व्या वाढदिवसाच्या समारंभात १९०० मध्ये भाषण केलेली, जन्मभर मताधिकारवाली. तिने त्याच सुमारास लिहिलं की या चळवळीने कृष्णवर्णीय बाईकडे पाठ फिरवली म्हणून मला आता तिच्यात राहता येत नाही. ज्या बाईने एवढी वर्षं दिली तिला असं लिहायला लागावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

साक्षरतेची परीक्षा ही त्या जुन्या 'शिकलेल्यांनाच मत' वाल्या युक्तिवादाचीच कायद्यातली आवृत्ती होती हे लक्षात घ्या. आणि तिचा वापर कसा झाला? टस्कीगीतच बघा, जिथे लोगन वर्ग घ्यायची. १९५० च्या दशकात तिथल्या संस्थेत डॉक्टरेट घेतलेले प्रोफेसर होते, मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर होते, सगळ्या कसोट्या पार करून चारशेच्या आसपास कृष्णवर्णीय मतदार झाले. तर १९५७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने शहराची हद्दच बदलली, चौकोनी होती ती २८ कोनांची केली, आणि त्यातले चार-पाच सोडून सगळे कृष्णवर्णीय मतदार शहराबाहेर गेले. समाजशास्त्राचे प्रोफेसर चार्ल्स गोमिलियन यांनी खटला भरला आणि १९६० मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकला. म्हणजे शिक्षणाची अट पूर्ण केली तर नकाशा बदलला. अट कधी शिक्षणाची नव्हतीच.

वॉशिंग्टनबद्दलही एक गोष्ट. राजधानीत राहणाऱ्या कोणालाच, गोऱ्या असो की काळ्या, १९६१ च्या २३व्या दुरुस्तीपर्यंत राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नव्हतं. टेरेलचं संसार, नोकरी, चळवळ सगळं आयुष्य त्या शहरात गेलं आणि ती १९५४ मध्ये वारली. पण ती थांबली कुठे? ऐंशी ओलांडल्यावर १९४६ मध्ये तिने युनिव्हर्सिटी पदवीधर महिलांच्या राष्ट्रीय संघटनेच्या वॉशिंग्टन शाखेत परत मेंबरशिप मागितली, शाखेने नाही म्हटलं. ओबर्लिनची पदवी, हा मान, हे वय, आणि नाही. राष्ट्रीय संघटना तिच्या बाजूने उभी राहिली, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी १९४९ मध्ये संघटनेने आपले नियमच बदलून घेतले, पदवी हीच मेंबरशिपची अट राहील असे.

यावर कुणी म्हणेल की या सगळ्या वरच्या थरातल्या बायका, टेरेलचे वडील श्रीमंत होते, कॉलेजात जाणाऱ्या किती होत्या, शेतात राबणारीला यांचा काय उपयोग. आक्षेपात तथ्य आहे. क्लबांमध्ये चालीरीतीचा, सभ्यपणाचा फार बडेजाव असायचा, गरीब बायकांना 'सुधारायचं' अशी भाषा असायची, आणि मिसिसिपीत १९६० च्या दशकात जिने मतदानाच्या लढ्याला आवाज दिला ती फॅनी लू हेमर कापसाच्या मळ्यावर राबणारी, शाळा फक्त सहावीपर्यंत. पण कॉलेजवाल्यांनी केलं काय ते पण बघा ना. डेल्टाच्या त्या २२ पैकी जेसी मॅग्वायर डेंट टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनला शिक्षिका झाली आणि कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्यांएवढा पगार मिळावा म्हणून तिने शाळा मंडळावर केस करून १९४३ मध्ये जिंकली. बर्था पिट्स कॅम्पबेल सिॲटलला गेली, तिथल्या अर्बन लीग या कृष्णवर्णीयांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांत ती होती. अलाबामा स्टेट कॉलेजच्या प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी डिसेंबर १९५५ मध्ये बसमध्ये गोऱ्यासाठी जागा सोडायला नकार दिलेल्या रोझा पार्क्सच्या अटकेच्या रात्री कॉलेजच्या मशीनवर हजारो पत्रकं छापली आणि माँटगोमेरीचा बस बहिष्कार उभा राहिला, ज्या महिला राजकीय परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या ती १९४६ मध्ये निघाली होती आणि मतदार नोंदणी हे तिच्या मुख्य कामांपैकी एक होतं, काढणाऱ्या मेरी फेअर बर्क्स त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. पत्र कसं लिहायचं, ठराव कसा करायचा, कोर्टात कसं जायचं, रात्रीतून निरोप गावभर कसा पोचवायचा, हे सगळं त्यांनी कॉलेजात आणि क्लबात शिकून घेतलं आणि साक्षरतेच्या परीक्षेसारख्या अटींना चाप लावणाऱ्या १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत वापरलं. म्हणून मी म्हणतो की स्त्री-मताधिकाराची अमेरिकन गोष्ट १९२० ला संपवू नका, १९६५ पर्यंत न्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २०२० मध्ये शताब्दीचं स्मारक झालं, त्यात आधी फक्त स्टँटन आणि अँथनी होत्या, ओरड झाल्यावर गुलामगिरीतून सुटलेल्या कार्यकर्त्या सोजर्नर ट्रूथचा पुतळा घेतला. चांगलं झालं, पण ट्रूथ १८८३ मध्येच वारल्या. १९२० नंतर ज्यांनी मार खाल्ला, केसेस लढल्या त्यांचा काळच त्या स्मारकात नाही.

मराठीत हे सगळं लिहायचं कारण एकच. आपल्याकडे निवडणूक आली की व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी चांगलं शिकलेलं, घरंदाज माणूस हमखास लिहितं की मतदानाला किमान दहावीची, ग्रॅज्युएशनची अट पाहिजे, आणि खाली वीस-पंचवीस अंगठे पडतात. आपल्याकडेही हे होऊन गेलंय, मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये बायकांना कायदेमंडळासाठी मत मिळालं ते मिळकतीच्या अटीवर. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्येच, त्या मोर्च्यानंतर काही महिन्यांनी, न्यूयॉर्कला कोलंबियात शिकायला पोचले, आणि पुढे सायमन कमिशनपुढे त्यांनी सरसकट सगळ्या प्रौढांना मत मागितलं. साक्षरतेच्या अटीबद्दल त्यांनी लिहिलं की निरक्षर माणूस बुद्धीने कमी असतो हे धरून चालणं चूक, आणि साक्षर झालं म्हणून शहाणपण येतं हे धरणंही चूक. मी त्यात अमेरिकेच्या अनुभवाची भर घालतो, की अशी अट ज्याच्या हातात असते तो ती कुणाला लावायची आणि कुणाला सोडायची हे आधीच ठरवून बसलेला असतो, आणि टोपी-गाऊन घालून समोर आलेल्यालाही तो रांगेच्या मागे पाठवायला बघतो.

आणि तिकडेही हे जुनं झालेलं नाही. मार्च २०१३ मध्ये डेल्टाच्या हजारो बायका शंभर वर्षं झाली म्हणून पुन्हा वॉशिंग्टनमध्ये चालल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने १९६५ च्या कायद्यातला तो भाग रद्द केला ज्यामुळे दक्षिणेतल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलायच्या आधी केंद्राची परवानगी लागायची. त्याच दिवशी टेक्सासने जाहीर केलं की आमचा ओळखपत्राचा कायदा आता लागू. त्या कायद्यात बंदुकीचं लायसन्स ओळखपत्र म्हणून चालत होतं, कॉलेजचं आयकार्ड चालत नव्हतं. टेक्सासातच प्रेअरी व्ह्यू हे कृष्णवर्णीयांचं जुनं विद्यापीठ आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना कॉलेजच्या गावात मत देता यावं म्हणून १९७९ मध्ये निकाल सुप्रीम कोर्टातून मिळवावा लागला होता, २००८ मध्ये आगाऊ मतदानाला ती पोरं-पोरी सात मैल चालत तालुक्याच्या गावी गेली, आणि २०१८ मध्ये आगाऊ मतदानाच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या गावात एकही केंद्र ठेवलं नाही म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांना परत कोर्टात जावं लागलं.